रेडिएटर नवा, पंप नवा, तरी गाडी गरम का?



ट्रक व्यवसायावरच्या मालिकेत आपण आतापर्यंत भाडं कसं ठरवायचं, हप्ता आणि डिझेलचा हिशेब कसा मांडायचा, हे बघितलं. आज जरा केबिन उचलून आत बघू. एका गाडीवर धंदा सुरू करणाऱ्याचं गणित बिघडवणारी एक ठरलेली साखळी आहे. गाडी गरम होते. आपण काम करून घेतो, पैसे देतो, माल भरतो. आणि पहिल्याच घाटात काटा परत लाल पट्ट्यात.

मग काय होतं, तुम्हाला माहीत आहे. पहिला मिस्त्री म्हणतो, "रेडिएटर जाम आहे." रॉडिंग करून झालं. दुसरा म्हणतो, "वॉटर बॉडी गेली." तीही बदलली. तिसरा थर्मोस्टॅट काढून फेकतो. चौथा सरळ म्हणतो, "हेड खोलावं लागेल." आणि तोपर्यंत तुम्ही मानसिकरीत्या इतके थकलेले असता की हेडलाही "करा" म्हणून मोकळे होता.

तर आजचा मुद्दा नीट लक्षात घ्या. गाडी गरम होणं हा एक प्रश्न आहे, आणि काम करूनही गरम होणं हा दुसराच प्रश्न आहे. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं तीनच असू शकतात. एक, जे बदललं ते मुळात बिघडलेलंच नव्हतं, खरं कारण तसंच आत बसलंय. दोन, काम करतानाच काहीतरी नवं बिघडलं किंवा लावायचं राहिलं. तीन, आधी गाडी तापली तेव्हाच आत काहीतरी जखमी झालं आणि आता तेच त्रास देतंय. यातलं कुठलं, हे ठरवल्याशिवाय पुढचा पार्ट विकत घ्यायचा नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं करून तुमच्या खिशाचा धूर निघतो.

काट्यावर लगेच विश्वास ठेवू नका

सगळ्यात आधी विचारा, गाडी खरंच गरम होतेय का? हसू नका. काम करताना टेम्परेचरचा सेन्सर काढला जातो, वायर ओढली जाते, अर्थिंग सैल राहते. कधी दुसऱ्याच गाडीचा सेन्सर बसवला जातो. चुडी जुळते म्हणून तो बसतो, पण काट्याला भलतंच सांगतो. असं झालं की इंजिन ठणठणीत आणि काटा मात्र घाबरवतोय.

उलटंही होतं, आणि ते जास्त धोक्याचं. पाणी कमी झालं आणि सेन्सरच्या टोकाशी पाण्याऐवजी हवा राहिली, तर काटा खाली दाखवू शकतो आणि इंजिन आत भाजत असतं. म्हणून "काटा खाली आहे ना, मग चालू दे" हे वाक्य आपल्या ड्रायव्हरच्या तोंडून ऐकलं तर आधी थंड गाडीत पाण्याची लेव्हल बघायला सांगा.

यासाठी एक हत्यार स्वतःचं ठेवा: लांबून तापमान मोजणारी गन. हजार-दोन हजारांत चालण्यासारखी मिळते. एक ट्रिक सांगतो, चकचकीत धातूवर ती गन चुकीचं, बहुतेक वेळा कमी तापमान दाखवते. जिथे मोजायचं तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा. थर्मोस्टॅटच्या घरावर, वरच्या होजच्या तोंडाशी, रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या टाकीवर, असं चार ठिकाणी मोजा. हे चार आकडे तुम्हाला चार मिस्त्रींपेक्षा जास्त सांगतील.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक वेळी सांगणार. गरम गाडीचं टोपण उघडायचं नाही. फडकं टाकूनही नाही, हळूहळू फिरवूनही नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, उघडल्या क्षणी त्याची वाफ होते आणि थेट तोंडावर येते. थांबा, थंड होऊ द्या. भाडं गेलं तर दुसरं मिळेल, डोळे मिळणार नाहीत.

"कधी गरम होते?" हा अर्धा निकाल

तपासणीची सुरुवात पान्याने होत नाही, प्रश्नाने होते. आणि उत्तर ड्रायव्हरकडे असतं.

इथे थोडं थांबतो, कारण आपण मालक लोक इथे कमी पडतो. गाडी गरम झाली की पहिला संशय ड्रायव्हरवर. "तूच दामटली असशील." एकदा असं बोललात की पुढच्या वेळी तो खरं सांगणार नाही. तो म्हणेल, "काय माहीत शेठ, अचानक झाली." अचानक काहीच होत नसतं. त्याला चहा पाजा, शांतपणे विचारा: चढावर होते की सपाटीला? ट्रॅफिकमध्ये उभी असताना की ऐंशीच्या स्पीडला? रिकामी असतानाही होते का? सुरू केल्यावर दहा मिनिटांत की दोन तासांनी? बंद करून परत चालू केली की काय होतं?

या उत्तरांचा अर्थ ढोबळमानाने असा. गाडी उभी असताना किंवा हळू चालताना तापत असेल आणि मोकळ्या हायवेला लागल्यावर थंड होत असेल, तर संशय हवेच्या बाजूवर. म्हणजे पंखा, त्याचा क्लच, जाळी. कारण स्पीडला वारा आपोआप मिळतो, हळू चालताना तो पंख्यानेच ओढायचा असतो. याउलट हळू ठीक आणि हायवेला लोड घेऊन पळवली की तापते, तर पाण्याच्या बाजूकडे बघा. म्हणजे पंप, पट्टा, होज, रेडिएटरच्या आतल्या नळ्या. थंडगार गाडी सुरू करून काही मिनिटांतच होज दगडासारखी कडक होत असेल तर तो तिसराच विषय, त्यावर पुढे येतो.

खंबाटकी किंवा कसारा चढताना दोन्ही बाजूंची एकदम परीक्षा होते. इंजिन पूर्ण ताकद लावत असतं, म्हणजे उष्णता जास्तीत जास्त, आणि स्पीड वीसच्या खाली, म्हणजे वारा नाही. म्हणूनच घाट हा खरा न्यायाधीश. गॅरेजच्या दारात अर्धा तास उभी चालवून "बघा, आता गरम होत नाही" म्हणणं ही टेस्ट नाही. डिझेलमधल्या ऊर्जेचा निम्म्याहून कमी भाग चाकापर्यंत जातो. बाकीची बहुतेक उष्णता सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर टाकावी लागते. रिकाम्या उभ्या गाडीत टाकायला असतंच किती?

काम करताना काय काय हललं?

आता दुसरी शक्यता. कामातच झालेली गडबड. माझ्या मते काम करून आल्याबरोबर गाडी तापत असेल तर सुरुवात इथूनच करावी, कारण इथल्या बहुतेक गोष्टी फुकट किंवा किरकोळ खर्चात सुटतात.

पहिला गुन्हेगार हवा. पाणी पूर्ण काढून नवं भरलं की इंजिनच्या डोक्यात, वाकलेल्या होजमध्ये हवेचा फुगा अडकतो. घाईने भरलं तर हमखास. टाकी वरून भरलेली दिसते, प्रत्यक्षात आत दोन-तीन लिटर कमी असतं. जिथे हवा तिथे पाणी फिरत नाही आणि तेवढाच भाग तापतो. उपाय साधा आहे: हळू भरा, गाडीला हवा काढायचे स्क्रू किंवा नळी असेल तर ती मोकळी करा, केबिनला हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर ठेवा, इंजिन चालवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा. मग पूर्ण थंड होऊ द्या आणि परत लेव्हल बघा. थंड होईपर्यंत म्हणजे खरोखर थंड. किती पाणी लागायला हवं हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. मोजून भरलं आणि त्यापेक्षा बरंच कमी मावलं, तर हवा आत आहेच.

दुसरा, थर्मोस्टॅट. आपल्याकडे एक समज खोलवर बसलाय की "आपल्या हवेत थर्मोस्टॅटची गरजच नाही, काढून टाका, पाणी मोकळं फिरेल." कितीतरी गाड्या अशा फिरतायत. पण बऱ्याच ट्रक इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो. गरम झाल्यावर तो रेडिएटरकडचा रस्ता उघडतो, आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाने बायपासचा रस्ता बंद करतो. बायपास म्हणजे रेडिएटरला वळसा घालून पाणी परत पंपाकडे नेणारी वाट. थर्मोस्टॅट काढला की दोन्ही रस्ते उघडे. पाणी सोपी वाट धरतं, आणि गरम पाण्यातला एक हिस्सा रेडिएटरचं तोंडही न बघता परत इंजिनात जातो. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून जे केलं, त्यानेच ती घाटात तापते. शिवाय हिवाळ्यात रात्री तीच गाडी नीट गरम होत नाही, डिझेल जास्त पिते, ते वेगळंच.

नवा थर्मोस्टॅट घेताना त्याच्यावर छापलेला आकडा बघा, समजा 82 असेल तर साधारण त्या तापमानाला तो उघडायला लागतो. बसवण्याआधी घरच्या पातेल्यात पाणी तापवून, दोऱ्याला टांगून तपासता येतो. फक्त तळाला टेकू देऊ नका. आणि बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे. उलटा बसलेला थर्मोस्टॅट हा ऐकायला विनोद वाटतो, पण होतो.

तिसरं, टोपण. सगळ्यात स्वस्त पार्ट आणि सगळ्यात दुर्लक्षित. साधं पाणी समुद्रसपाटीला 100 अंशांना उकळतं. टोपणाने साधारण 1 बार दाब धरला तर तेच पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही. घाटात तुम्हाला हाच वीस अंशांचा फरक वाचवतो. रबर कडक झालेलं किंवा भलत्याच दाबाचं टोपण लावलं की पाणी लवकर उकळतं, बाहेर फेकलं जातं, लेव्हल कमी होते आणि चक्र सुरू होतं. दाबाचा आकडा टोपणावरच असतो. कंपनीने सांगितलेलाच घ्या, जास्त दाबाचं लावून "अजून चांगलं" होत नाही, होज आणि टाकीवर ताण येतो.

खालची होज बघा. तिथून पंप पाणी ओढतो. होज मऊ पडली असेल किंवा आतली स्प्रिंग जुन्या होजबरोबर भंगारात गेली असेल, तर इंजिन रेज केल्यावर ती चपटी होते आणि पाण्याचा गळा आवळला जातो. उभ्या गाडीत ती गोल गुबगुबीत दिसते, म्हणून रेज करून बघायचं, पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवून.

पट्टा सैल आहे का, पंपाचा आतला पंखा बरोबर दिशेचा आहे का, इंजिनचा पंखा उलटा तर बसला नाही ना, हे पटकन बघून घ्या. पण पंख्याभोवतीचं काउल मात्र नीट बघा. रेडिएटर उतरवताना ते काढतात आणि बसवताना दोन बोल्ट मिळत नाहीत म्हणून तसंच एका बाजूला टेकवून ठेवतात. काउल नसेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी इंजिनखोलीतलीच गरम हवा घुसळत बसतो. रेडिएटरच्या कडेचे रबर, पत्रे यांचंही तेच. मिस्त्रीला ते फालतू वाटतात, कारण त्यांच्याशिवाय गाडी सुरू होते.

व्हिस्कस फॅन असेल तर इंजिन बंद, चावी स्वतःच्या खिशात, मग हाताने फिरवून बघा. थंड असताना थोडा अडतो, चांगला गरम झाल्यावर जास्त अडला पाहिजे. गरम इंजिनातही भिंगरीसारखा सैल फिरत असेल तर क्लच संपलाय. काही नव्या गाड्यांत पंख्याला वायर असते, तिचा सॉकेट लावायचा राहिला का तेही बघा.

कांद्याची टरफलं आणि हेडचं कोटेशन

आपल्या प्रशिक्षणाला आलेल्या एका तरुणाचा प्रसंग इथे सांगण्यासारखा आहे. नाशिक जिल्ह्यातला, एक जुनी दहाचाकी. जाताना वाशीला कांदा, येताना भिवंडीकडचा माल भरून कसारा चढायचा. रेडिएटरचं रॉडिंग झालं होतं, पंप नवा, टोपण नवं, कुलंटही नवं. तरी गाडी गरम. शेवटी हेड खोलायचं ठरलं होतं, आणि त्यासाठी घरातलं सोनं ठेवायची बोलणी चालू होती. त्याच्या आईच्या पाटल्या.

त्याला म्हटलं, हेड कुठे पळून जात नाही. आधी ड्रायव्हरकाकांना फोन लाव, स्पीकरवर ठेव. काका म्हणाले, "हायवेला काय नाय भाऊ. चढण लागली, दुसऱ्या गिअरला आली की काटा वर सरकतो. वर इगतपुरीला पोचलं की पाच-दहा मिनिटांत परत खाली."

या एका वाक्यात किती माहिती आहे बघा. सपाटीला लोड घेऊन ठीक, म्हणजे पाणी फिरतंय. हळू चढताना तापते, म्हणजे हवेची बाजू. वर जाऊन पटकन उतरते, म्हणजे पाणी फेकून रिकामी होत नाहीये.

गाडी लोडवर गरम करून तापमान मोजलं तर रेडिएटरची वरची आणि खालची टाकी जवळजवळ सारखीच गरम. पाणी आत येतंय, जातंय, पण उष्णता सोडतच नाहीये. (वर खूप गरम आणि खाली जवळजवळ गार लागलं असतं, तर पाणी अडतंय असा अर्थ झाला असता.) मग इंटरकूलर पुढे सरकवला, आणि त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत अक्षरशः गादी निघाली. मार्केट यार्डात उडणारी कांद्याची सुकी टरफलं, धूळ, आणि इंजिनच्या ब्रीदरमधून येणारं तेल यांचा लगदा. रेडिएटर रॉडिंगला उतरवला तेव्हा त्याच्या आतल्या नळ्या साफ झाल्या. बाहेरची जाळी पुसली पण इंटरकूलरची मागची बाजू कोणी बघितलीच नाही. त्यात थर्मोस्टॅट कुणीतरी केव्हाच काढून टाकलेला.

जाळी धुतल्यावर पुढच्या फेरीत काटा खाली राहिला, पण शेवटच्या वळणांवर परत चढला. थर्मोस्टॅट बसवल्यावर तो जागेवर थांबला. म्हणजे कारणं दोन होती, आणि एकच काढलं असतं तर "जाळी धुऊनही फरक नाही" म्हणून हेड उघडलं गेलं असतं. पाटल्या घरीच राहिल्या.

जाळी धुताना एक काळजी घ्या. पाणी पंख्याच्या बाजूने पुढे, म्हणजे हवा येते त्याच्या उलट दिशेने मारायचं, आणि हलक्या दाबाने. वॉशिंग सेंटरचा जेट जवळून मारला की पातळ पाती आडव्या होतात आणि हवेचा रस्ता कायमचा बंद.

हेड खोलायच्या आधी बुडबुडे बघा

आता तिसरी शक्यता, आधीच्या तापण्याने झालेली जखम. हेड गॅस्केट जातं, हेडला चीर जाते किंवा ते वाकतं. मग सिलिंडरमधला जळलेला गॅस पाण्यात घुसतो, पाणी ढकलून बाहेर फेकतो. लक्षणं ठळक असतात: गाडी थंड असताना सुरू करून काही मिनिटांतच वरची होज कडक, टाकीत सतत बुडबुडे, पाणी कुठेही गळताना दिसत नाही पण रोज कमी होतंय, ऑइल दुधी, पांढरा धूर. यातलं एखादंच असेल, सगळी एकदम लागत नाहीत.

तपासायला निळ्या द्रावाची एक साधी किट मिळते. टाकीच्या तोंडावर धरून आतली हवा त्या द्रावातून ओढायची. जळलेला गॅस असेल तर रंग पिवळ्याकडे जातो. हेड उतरवण्याची मजुरी आणि या किटची किंमत, तुलनाच नको.

आणि हे ट्रकवाल्यांनी खास लक्षात ठेवायचं. बुडबुडे दिसले म्हणजे हेडच, असं नाही. आपल्या एअर ब्रेकचा कंप्रेसर बऱ्याच गाड्यांत इंजिनच्याच पाण्यावर थंड होतो. त्याचं गॅस्केट फुटलं तर कंप्रेसरची हवा पाण्यात जाते, बुडबुडे तसेच, होज तशीच कडक. पण ती साधी हवा असते, जळलेला गॅस नाही, त्यामुळे त्या निळ्या द्रावाचा रंग बदलत नाही. आणखी एक खूण: एअर टाक्या भरत असताना बुडबुडे जोरात आणि प्रेशर पूर्ण होऊन कंप्रेसर मोकळा झाल्यावर कमी, तर आधी कंप्रेसरकडे बोट दाखवा. नव्या गाड्यांत ईजीआर कूलर नावाचा आणखी एक संशयित आहे. तो आतून फुटला तर सायलेन्सरकडचा गॅस पाण्यात येतो आणि द्रावही रंग बदलतो. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आल्यावर बऱ्याच ट्रकमध्ये हा कूलर आहे, काहींत त्याआधीपासून. म्हणून हेड उतरवण्याआधी मिस्त्रीला या दोन्हींबद्दल नक्की विचारा. चांगला मिस्त्री प्रश्नावर चिडत नाही.

कधीकधी कूलिंगमध्ये काहीच दोष नसतो. ब्रेक अडजस्ट करताना घट्ट राहिले आणि चाक घासतंय, एअर फिल्टर चोक आहे, सायलेन्सर तुंबलाय, किंवा पासिंगपेक्षा चार टन जास्त भरलेत. शेवटच्या कारणाला मेकॅनिक लागत नाही, आरसा लागतो.

पाण्याबद्दल दोन ओळी. ढाब्याच्या बोअरचं जड पाणी भरत राहिलं की आत क्षार बसतात, किटलीत बसतात तसेच, आणि उष्णता बाहेर यायला अडते. कुलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी, साधारण निम्मं-निम्मं किंवा कंपनी सांगेल तसं. तयार मिक्स केलेलं कुलंट असेल तर त्यात परत पाणी घालायचं नाही. आणि "जास्त घट्ट म्हणजे जास्त थंड" असं समजून नुसतंच कुलंट ओतू नका, पाण्यापेक्षा ते उष्णता कमी वाहून नेतं. कुलंट पूर्ण टाळणंही महाग पडतं. डिझेल इंजिनच्या लायनरला बाहेरून बारीक खड्डे पडायला लागतात, आणि ते दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो.

हिशेब

समजा तुमचा हप्ता महिन्याला 48,000 आहे, म्हणजे दिवसाला 1,600. विमा, टॅक्स, ड्रायव्हरचा पगार धरून आणखी 900 धरा. गाडी नुसती उभी राहिली तरी दिवसाला 2,500 जातात, बुडालेलं भाडं वेगळं. तीन गॅरेजमध्ये मिळून सहा दिवस गेले तर 15,000 नुसते उभं राहण्याचे. आता सांगा, एखादा जाणकार मिस्त्री म्हणाला की "मी पार्ट विकणार नाही, फक्त एक दिवस तपासणी करीन, 1,500 घेईन," तर ते महाग आहे का? आपल्याकडे पार्टचे पैसे देताना हात थरथरत नाही, पण तपासणीचे म्हटलं की "नुसतं बघायचे कसले पैसे?"

तुमच्यापैकी जे गॅरेज टाकायचा विचार करतायत, त्यांनी या वाक्यात धंदा बघावा. तपासणीची फी लावा, पण बदल्यात कागद द्या: कुठे किती तापमान, काय तपासलं, काय ठीक आहे, काय संशयास्पद. ट्रकमालक तो कागद जपून ठेवतो आणि पुढच्या मालकाला दाखवतो. जाहिरात यापेक्षा वेगळी काय असते?

आणि मालकांनी प्रत्येक कामाला तीन गोष्टी मागून घ्यायच्या. काढलेला जुना पार्ट परत. नव्याचं बिल, पार्ट नंबरसकट. आणि काय काय उघडलं त्याची साध्या वहीत नोंद, तारीख आणि किलोमीटरसकट. एका वेळी एकच बदल करा आणि मग फेरी मारून बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर कशाने झाली हे कधीच कळत नाही, आणि नाही झाली तर काम करणाऱ्याशी भांडायलाही तुमच्याकडे काही नसतं. भांडण करूही नका. जुना पार्ट आणि वही टेबलावर ठेवून शांतपणे बोला, नव्वद टक्के वेळा समोरचा स्वतःच म्हणतो, "आणा गाडी, परत बघू."

काम झाल्यावर पहिली फेरी ओळखीच्या रस्त्याची घ्या, नेहमीचा लोड, नेहमीचा घाट. नाशवंत माल त्या फेरीला घेऊ नका. पायथ्याला, मध्यावर आणि माथ्यावर काटा कुठे होता ते ड्रायव्हरने लिहून घ्यावं, मोबाईलवर फोटो काढला तरी चालेल, पण गाडी बाजूला थांबवून. काटा लाल पट्ट्याकडे निघाला तर वाट न बघता सुरक्षित जागी बाजूला घ्यायची. पाणी फेकलं नसेल, पट्टा शाबूत असेल तर इंजिन लगेच बंद करू नका, काही मिनिटं रिकामं चालू द्या म्हणजे पंप आणि पंखा उष्णता ओढून नेतात. पाणी गेलं असेल किंवा पट्टा तुटला असेल तर मात्र ताबडतोब बंद. आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचं नाही, हेडला चीर जायचं ते एक मोठं कारण आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, लेव्हल बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी उतरली तर अडकलेली हवा निघाली असं समजून भरून घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही तेवढीच उतरत असेल तर ती हवा नव्हे. गाडीखाली रात्रभर एक जुना पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी त्यावर डाग कुठे पडलाय ते बघा. डाग नसेल आणि पाणी तरी कमी असेल, तर निळ्या द्रावाची ती किट घेऊन ये म्हणून मिस्त्रीला फोन करा.